एंडोमेट्रिओसिसची संभाव्य कारणे आणि प्रतिबंध

एंडोमेट्रिओसिस हा स्त्रियांमध्ये आढळणारा एक दीर्घकालीन विकार आहे. यात गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, मुख्यतः बीजांडकोश, बीजवाहिन्या आणि ओटीपोटाच्या आतील आवरणावर वाढते. ही ऊती संप्रेरकांना प्रतिसाद देत असल्याने त्या जागी दाह होतो, व्रण तयार होतात आणि अवयव एकमेकांना चिकटू शकतात. पाळीच्या वेळी तीव्र वेदना, संभोगाच्या किंवा शौचाच्या वेळी दुखणे, सततचा थकवा आणि वंध्यत्व ही याची प्रमुख लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जवळपास १९ कोटी स्त्रिया व मुलींना हा विकार आहे. त्याचे नेमके कारण अद्याप निश्चित झालेले नाही. त्यामुळे तो होऊच नये यासाठी खात्रीचा उपायही उपलब्ध नाही.

संभाव्य कारणे

उलट दिशेचा ऋतुस्राव

न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथील स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात या विकाराला आजचे नाव दिले. पाळीच्या रक्ताचा काही भाग बीजवाहिन्यांतून उलट वाहत उदरपोकळीत जातो आणि त्यातील अस्तराच्या पेशी तेथे रुजतात, असा सिद्धान्त त्यांनी १९२७ साली मांडला. जन्मजात दोषामुळे ज्या मुलींच्या ऋतुस्रावाचा बाहेर पडण्याचा मार्ग बंद असतो, त्यांच्यात हा विकार अधिक आढळतो. ही बाब या सिद्धान्ताला पुष्टी देते.

तथापि, बीजवाहिन्या खुल्या असलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांमध्ये पाळीच्या काळात असे रक्त उदरपोकळीत आढळते, परंतु त्यांपैकी थोड्याच स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस होतो. म्हणजेच उलट स्राव हे एकमेव कारण असू शकत नाही.

पेशींचे रूपांतर व प्रसार

उदराच्या आतील आवरणाच्या पेशींचेच अस्तरासारख्या पेशींत रूपांतर होते, असे दुसरा सिद्धान्त सांगतो. इस्ट्रोजेनचे उपचार घेतलेल्या पुरुषांमध्येही हा विकार अत्यंत क्वचित आढळला आहे. त्याचा उलगडा सॅम्पसन यांच्या सिद्धान्ताने होत नाही. फुप्फुसासारख्या दूरच्या अवयवांत होणारी वाढ रक्तवाहिन्या वा लसीकावाहिन्यांमार्फत पेशींचा प्रसार झाल्याने होत असावी, असे मानले जाते. सिझेरियन शस्त्रक्रियेच्या व्रणात होणारी वाढ ही शस्त्रक्रियेच्या वेळी पेशी तेथे पोहोचल्यामुळे होत असावी.

आनुवंशिकता

आई किंवा सख्ख्या बहिणीला हा विकार असल्यास स्त्रीला तो होण्याची शक्यता वाढते. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांनुसार एकूण जोखमीतील सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक घटकांचा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जनुकसंचातील ४२ स्थाने या विकाराशी संबंधित आढळली. कोणतेही एकच जनुक मात्र त्याला जबाबदार नाही.

संप्रेरके आणि प्रतिकारशक्ती

एंडोमेट्रिओसिसची वाढ इस्ट्रोजेनवर अवलंबून असते. वाढलेली ऊती स्वतःही इस्ट्रोजेन तयार करू शकते आणि प्रोजेस्टेरॉनला तिचा प्रतिसाद कमी असतो. उदरपोकळीत आलेल्या पेशी नष्ट करण्यात रोगप्रतिकारक यंत्रणा अपुरी पडत असावी, असेही मानले जाते.

पर्यावरण व जंतू

१९९३ सालच्या एका अभ्यासात डायॉक्सिन दिलेल्या ऱ्हीसस माकडिणींमध्ये या विकाराचे प्रमाण वाढलेले दिसले, परंतु मानवातील पुरावे परस्परविरोधी आहेत. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांना २०२३ साली ६४ टक्के रुग्ण स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरात फ्युसोबॅक्टेरियम हे जिवाणू आढळले. विकार नसलेल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण १० टक्क्यांहून कमी होते. प्रतिजैविके दिल्यावर उंदरांमधील वाढ घटली. यावरून स्त्रियांसाठी उपचार ठरवण्याइतका पुरावा मात्र अद्याप नाही.

जोखीम वाढवणारे घटक

लहान वयात पाळी सुरू होणे, दोन पाळ्यांमधील अंतर २७ दिवसांहून कमी असणे, जास्त रक्तस्राव आणि मूल न होणे यांचा या विकाराशी संबंध आढळतो. बाळंतपणे झालेल्या व दीर्घकाळ स्तनपान करणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण कमी दिसते. हे सांख्यिकीय संबंध आहेत. त्यांवरून एखाद्या स्त्रीला विकार का झाला हे ठरवता येत नाही. वंध्यत्व हे या विकाराचे लक्षणही असल्याने मूल नसणे हे कारण की परिणाम, हेही नेहमी सांगता येत नाही.

प्रतिबंध

आहार, व्यायाम वा औषधांनी हा विकार टाळता येतो, असे सिद्ध झालेले नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेत असताना लक्षणे कमी होतात, परंतु विकार होण्यापासून त्या संरक्षण देतात का, हे अनिश्चित आहे. ऋतुस्रावाच्या मार्गातील जन्मजात अडथळा वेळीच दूर करणे मात्र आवश्यक असते.

विकार पुन्हा होऊ नये यासाठीचे उपाय अधिक स्पष्ट आहेत. युरोपीय मानवी प्रजनन व गर्भविज्ञान संस्थेच्या २०२२ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, लगेच गर्भधारणा नको असलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर किमान १८ ते २४ महिने संप्रेरकयुक्त तांबी किंवा संयुक्त गर्भनिरोधके देता येतात. त्यामुळे पाळीच्या वेदना परत येण्याचे प्रमाण घटते.

निदानातील विलंब

लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत अनेक वर्षे जातात. पाळीत दुखणे स्वाभाविकच आहे, ही समजूत याचे एक मोठे कारण आहे. शाळा, काम वा झोप यांत अडथळा आणणाऱ्या वेदनांसाठी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. सोनोग्राफी वा एमआरआयमध्ये काही न दिसल्यास विकार नाहीच, असे म्हणता येत नाही. दुर्बिणीद्वारे तपासणी करण्यापूर्वी लक्षणांवरून औषधोपचार सुरू करता येतात.

गैरसमज

लग्न झाल्यावर किंवा मूल झाल्यावर हा त्रास आपोआप थांबतो, असे अनेकदा सांगितले जाते. गरोदरपणात काही स्त्रियांच्या वेदना कमी होतात, परंतु सर्वांना आराम पडतोच असे नाही. म्हणूनच केवळ उपचार म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, असे वरील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. गर्भाशय काढल्याने विकार कायमचा बरा होतो, हीही चुकीची समजूत आहे, कारण गर्भाशयाबाहेरील ऊती त्यानंतरही शरीरात राहू शकते.