प्रथिनांचा क्रम आणि पंच कार्डे

फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनमधल्या 51 अमिनो आम्लांचा क्रम संगणकाविना लावला. त्यामुळे जैवमाहितीशास्त्रात अभियांत्रिकी ही रसायनशास्त्रामागून आलेली मदतनीस, असे सहज म्हटले जाते. मला ते पटत नाही. मेरीलँडच्या सिल्व्हर स्प्रिंगमध्ये 1960 च्या दशकात रॉबर्ट लेडली आणि मार्गारेट डेहॉफ यांनी जे काम केले, त्याने या शास्त्राला माहिती मांडायची शिस्त दिली. लेडली दंतवैद्यक शिकलेले, पण इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे अध्यापक. डेहॉफ क्वांटम रसायनशास्त्रातल्या. अमिनो आम्लांची लांब साखळी तेव्हा सलग वाचता येत नसे. ट्रिप्सिन या विकराने ती लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांनंतर तुटे, कायमोट्रिप्सिन या दुसऱ्या विकराने दुसऱ्या जागी. मग एका संचातल्या तुकड्याचे टोक दुसऱ्या संचात कुठे बसते ते शोधायचे. 1962 मधला त्यांचा ‘कॉम्प्रोटीन’ हा प्रोग्राम आयबीएम 7090 वर हीच जुळणी करी.

हे तर रसायनतज्ज्ञ हातानेही करत होते, असा आक्षेप येईल. इन्सुलिनपुरता तो खरा आहे. पण तुकडे वाढले की शक्य जुळण्या इतक्या होतात की एखादी नजरेतून सुटली हे कळतही नाही. शिवाय यंत्राला माहिती द्यायची तर ती एकाच साच्यात हवी. डेहॉफ यांनी अमिनो आम्लांची तीन अक्षरी नावे एका अक्षरावर आणली, ती याच गरजेतून. रायबोन्यूक्लिएज या प्रथिनात 124 अमिनो आम्ले आहेत: तीन अक्षरांनी लिहिली तर 80 रकान्यांची पाच पंच कार्डे लागतात, एका अक्षराने दोन.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: इतरांनी शोधलेले क्रम गोळा करणे ही कारकुनी झाली, विज्ञान नव्हे. डेहॉफ आणि सहकाऱ्यांनी असे क्रम एकत्र छापलेल्या 1965 च्या ‘अ‍ॅटलास’मध्ये 65 प्रथिनांचे क्रम होते. असे संकलन वाढत गेले म्हणूनच 1978 मध्ये डेहॉफ आणि त्यांचे सहकारी प्रथिनांच्या 71 गटांतले 1572 बदल मोजून कोणते अमिनो आम्ल कोणाच्या जागी किती सहज येते, याचा तक्ता मांडू शकले. हा उत्क्रांतीविषयीचा नवा निष्कर्ष होता, आणि कोणत्याही एका प्रयोगशाळेतून तो निघाला नसता. प्रोटिओमिक्समध्ये, म्हणजे प्रथिनांच्या एकत्रित अभ्यासात, आजही प्रथिने बहुधा ट्रिप्सिननेच तोडतात, मास स्पेक्ट्रोमीटरवर तुकडे मोजतात आणि साठवलेल्या क्रमांशी ताडून ओळखतात. ‘अ‍ॅटलास’मधून वाढलेला संग्रह आता युनिप्रॉट या प्रथिनक्रमांच्या डेटाबेसमध्ये आहे.