ईश्वरदत्त ठेव आणि बाईची लेखणी

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात एक दृष्टान्त आहे. परदेशी निघालेला धनी तीन दासांच्या हाती द्रव्य सोपवतो. दोघे ते व्यापारात घालून दुप्पट करतात. तिसरा भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवतो. त्या द्रव्याचे ग्रीक माप 'तालंतोन'. इंग्रजीतील 'टॅलेंट' या शब्दाला गुणवत्तेचा अर्थ लाभला तो याच दृष्टान्तामुळे. मराठी ख्रिस्ती स्त्रियांचे लेखन वाचताना मात्र वेगळाच प्रश्न पडतो: जिची ठेव इतरांनीच पुरून ठेवली, तिने काय करावे?

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) बाबतीत ठेव बालपणीच उघडली गेली. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून घरातल्या स्त्रियांना संस्कृत शिकवले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'सरस्वती' म्हटले. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पांडित्य दाखवण्याची संधी असताना त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे सामान्य स्त्रीला कळेल अशा मराठीत बायबल उतरवण्यास दिली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा त्यासाठी अभ्यासल्या. केडगावच्या मुक्ति मिशनमधील स्त्रियांचे हात त्या ग्रंथाच्या छपाईला लागले.

लक्ष्मीबाई टिळकांची (१८६८–१९३६) गोष्ट निराळी. वडिलांच्या टोकाच्या सोवळ्यात बालपण, १८८० मध्ये विवाह, आणि अक्षरओळख झाली ती नवऱ्याच्या लहरीप्रमाणे, तुटक तुटक. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्या त्यांच्यामागोमाग गेल्या नाहीत. विरह आणि अपमान सोसत, जातिभेदाचा स्वतः विचार करून त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा त्यांनी उसनी घेतली नाही; म्हणूनच पुढे लेखणीही उसनी राहिली नाही. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्याचा बहुतांश भाग त्यांचाच आहे. पतीच्या चरित्राला साहाय्य म्हणून सुरू झालेल्या आठवणींतून १९३४ पासून चार भागांचे 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध झाले.

येथे समीक्षेची एक सवय तपासावी लागते. 'स्मृतिचित्रे'ला आपण प्रांजळ, निर्व्याज, सहज म्हणतो. ही स्तुती खरी असली तरी तिच्यात एक अन्याय दडलेला आहे. पतीचा विक्षिप्तपणा सांगताना त्याच्यावरचे प्रेम उणे होऊ न देणे, आपल्याच फजितीवर हसता हसता वाचकाला दुःखाच्या काठाशी आणून सोडणे, दोन-चार वाक्यांच्या संवादात माणूस उभा करणे, ही निवड आहे, आणि निवड म्हणजे कष्ट. रमाबाईंना 'विदुषी' म्हणताना आपण त्यांचा अभ्यास मोजतो. लक्ष्मीबाईंना 'सहज' म्हणताना मात्र तो मोजायचे विसरतो.

'ईश्वरदत्त' या शब्दाचाही असाच दुरुपयोग होऊ शकतो. देणगी देवाची म्हटली की बाईचे श्रम अदृश्य होतात. दृष्टान्तातला धनी तसे करीत नाही. द्रव्य त्याचेच, तरी त्याने शाबासकी दिली ती दासांच्या उद्योगाला. पाच तालंत मिळालेल्याला आणि दोन मिळालेल्याला ती सारख्याच शब्दांत मिळाली, हेही लक्षात घ्यावे.

वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवताना म्हणून टिळकांनी पत्नीला घडवले, एवढ्यावर थांबू नये. त्यांनी किल्ली दिली असेल; पण पेटी उघडून, त्यातले द्रव्य वाढवून साठी ओलांडल्यावर मराठीच्या पदरात टाकले ते लक्ष्मीबाईंनी.