डोडीनची दहा वर्षे

न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गगनचुंबी इमारती येतात. पण त्याच नावाच्या राज्यात, ऑन्टॅरिओ सरोवराच्या दक्षिण काठाने, मैलोगणती सफरचंदाच्या बागा आहेत. या बागांनी १९६९ साली शास्त्रज्ञांना एक धक्का दिला. आज त्याविषयी बोलायचे आहे.

सफरचंदाला 'स्कॅब' नावाचा बुरशीचा रोग होतो. पानांवर काळपट डाग पडतात, फळांवर खरखरीत खपल्या धरतात. अशा फळाला बाजारात कोण विचारणार? आपल्या काश्मीरनेही १९७३ साली या रोगाची मोठी साथ पाहिली. ही बुरशी हिवाळाभर झाडाखालच्या पालापाचोळ्यात दडून बसते. वसंतात पाऊस झाला की तिचे बीजाणू उडतात आणि कोवळ्या पालवीवर बसतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या मिल्स यांनी १९४४ साली त्याचे कोष्टकच मांडले : अमुक तापमानात पाने अमुक तास ओली राहिली, की लागण झालीच म्हणून समजा.

जुनी औषधे, म्हणजे मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण किंवा गंधक, पावसाच्या आधी फवारावी लागत. पाऊस आधी आला, तर हात चोळत बसायचे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात डोडीन आले आणि चित्र पालटले. लागणीनंतर दीडएक दिवसात फवारले तरी ते लागू पडे. रात्री पत्र्यावर पाऊस ऐकत जागणाऱ्या बागायतदाराला आणखी काय हवे? सुमारे दहा वर्षे अनेक बागांत हंगामामागून हंगाम तेच औषध फवारले गेले.

आणि मग फवारलेल्या बागांतही डाग दिसू लागले. अशा वेळी आधी संशय येतो तो पंपावर, गड्यावर, नाहीतर हवेवर. पण त्याच राज्यातल्या जिनिव्हा गावच्या संशोधन केंद्रातले (स्वित्झर्लंडचे जिनिव्हा नव्हे!) स्झकोल्निक आणि गिलपॅट्रिक यांनी १९६९ साली अहवाल दिला, की खोट फवारणीत नाही. बुरशीच डोडीनला दाद देईनाशी झाली आहे.

आपण सहज म्हणतो, बुरशी औषधाला 'सरावली'. मला हा शब्द पटत नाही. बुरशी काही शिकत नाही. लाखो बीजाणूंत औषधाला न जुमानणारे थोडे आधीपासूनच असतात. बाकीचे मेले की मोकळे रान त्यांना मिळते. निवड आपण करतो, तीही प्रत्येक फवारणीगणिक.

पुढच्या औषधाचे तर आणखी लवकर वाजले. बेनोमिल १९६०च्या दशकाच्या अखेरीस आले आणि १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ऑस्ट्रेलिया व मिशिगनमधल्या स्कॅबने त्याला दाद देणे सोडले. हे औषध बुरशीच्या पेशीतल्या एकाच प्रथिनाला धरते. त्या प्रथिनात एका जागी बदल झाला की पकड सुटते. बोर्डोतले तांबे मात्र एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते. म्हणून १८८५पासून माहीत असलेले ते मिश्रण डाळिंब-संत्र्याच्या बागांतून आपण आजही वापरतो.

औषध कंपन्यांनी १९८१ साली या प्रश्नासाठी संयुक्त समिती नेमली. औषधे आलटून पालटून वापरा, मिसळून वापरा, असे ती सांगू लागली. पण बेनोमिलला न जुमानणारे बीजाणू मात्र, ते औषध फवारणे थांबवल्यावरही, कित्येक बागांत वर्षानुवर्षे सापडत राहिले.