काचेचा मांडव

मांडव घालावयाचा तो पुढे उतरवावयाचा, हे धरूनच. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली जागतिक उद्योग-प्रदर्शनासाठी उभा राहिलेला क्रिस्टल पॅलेस हा असाच एक मांडव होता. मात्र तो लोखंडाचा आणि काचेचा होता. आत देशोदेशींचा माल मांडलेला होता खरा, परंतु पाहण्याजोगी पहिली वस्तू म्हणजे ती काच.

प्रदर्शन संपताच उद्यान मोकळे करून द्यावयाचे होते. समितीकडे आलेले २४५ आराखडे नापसंत झाले. समितीने स्वतः विटांच्या इमारतीचा आराखडा केला, तेव्हा विटांचा हा डोंगर पुढे हलवणार कोण, असा गिल्ला झाला. मार्ग काढला तो जोसेफ पॅक्सटन ह्या माळ्याने. शेतकरी घरातल्या ह्या माणसाने वास्तुविद्येचे शिक्षण घेतलेले नव्हते. काचेची रोपगृहे बांधता बांधता तो काच शिकला होता.

काचेवरील कर १८४५ साली उठल्याने ती स्वस्त झाली होती. बर्मिंगहॅमजवळच्या चान्स बंधूंच्या कारखान्यात कामगार फुंकणीने तप्त काचेची लांब नळी फुगवीत. मग ती उभी चिरून, पुन्हा तापवून सपाट करीत. अशा रीतीने ४९ इंच लांबीचे तावदान मिळे. ह्या तावदानाच्या मापावर छप्पर बेतले गेले. म्हणजे त्या प्रचंड वास्तूचे माप अखेर फुंकणी धरणाऱ्याच्या छातीतील दमाने ठरले, असे आम्ही म्हणतो.

पहिला खांब सप्टेंबर १८५० मध्ये उभा राहिला आणि १ मे १८५१ रोजी उद्घाटन झाले. सुमारे तीन लाख तावदाने लागली. छपराच्या पन्हळींवरून चाकांच्या गाड्या सरकत; वर आच्छादन असल्यामुळे पावसातही काम चाले. ८० माणसांनी एका आठवड्यात १८,००० हून अधिक तावदाने बसवली. ह्याच काच बसवणाऱ्यांनी रोजी वाढवून मागत संप केला. पुढाऱ्यांना कामावरून काढण्यात आले आणि बाकीचे कामावर परतले.

साठ लाखांवर लोकांनी प्रदर्शन पाहिले. प्रवेश एक शिलिंगावर आल्यावर कामगारांचे थवेच्या थवे आले. पुढे मांडव सुटा करून सिडनहॅम येथे वाढवून उभारण्यात आला. तेथे १८५३ साली परांची कोसळून १२ कामगार ठार झाले. १८५४ साली तो खुला झाला आणि १९३६ साली आगीत गेला.

पॅक्सटनला 'सर' हा किताब मिळाला, आणि तो त्याने कमावलाच होता. परंतु अठरा हजार तावदानांचा आकडा जो लेखक अभिमानाने देतो, त्याने त्याच हातांनी मागितलेल्या वाढीव रोजीचाही उल्लेख करावा. एवढे केले तरच तो इतिहास पुरा होईल.