समुद्रतळाच्या ‘धुराड्यां’मध्ये नेमकं काय असतं?

डिसेंबर 2024. गोव्यातलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी मानवरहित पाणबुडी पाठवून हिंदी महासागरात सुमारे 4,500 मीटर खोलीवरचे फोटो मिळवले. तळातून चक्क धूर निघताना दिसत होता. अशा बातमीसोबत ‘खजिना’ हा शब्द हमखास येतो. पण त्या धुराड्यात असतं तरी काय?

पहिली गोष्ट म्हणजे तो धूर नसतोच. समुद्राचं पाणी तळाच्या भेगांतून खाली झिरपतं आणि तप्त खडकांपाशी पोहोचतं. वाटेत ते आपलं मॅग्नेशियम खडकाला देतं आणि खडकातलं लोह, तांबं, जस्त, गंधक स्वतःत विरघळवून घेतं. पाणी आता आम्लधर्मी झालेलं असतं. तापमान 350 अंशांच्या वर जातं, पण वरच्या प्रचंड दाबामुळे ते उकळत नाही. 1979 मध्ये पूर्व प्रशांत महासागरात ‘अल्विन’ पाणबुडीने पहिल्यांदा असं धुराडं गाठलं, तेव्हा तापमापकाच्या दांडीचं प्लॅस्टिकच वितळलं होतं.

हे पाणी बाहेर पडून जवळजवळ गोठायला आलेल्या समुद्राच्या पाण्यात मिसळलं, की विरघळलेले धातू गंधकाबरोबर बारीक कण होऊन बाहेर पडतात. आपल्याला काळा धूर दिसतो तो याच कणांचा.

आता धुराड्याची भिंत. ती सुरू होते ॲनहायड्राइटपासून, म्हणजे कॅल्शियम सल्फेटपासून. हे खनिज जरा उलट्या स्वभावाचं आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हे मात्र पाणी तापलं की बाहेर पडतं. बोअरच्या पाण्यामुळे गिझरच्या कॉइलवर पांढरा थर जमतो ना, तसंच काहीसं. या पांढऱ्या नळीच्या आतून, जिथे सर्वात जास्त उष्णता असते तिथे, चाल्कोपायराइट जमतं: तांबं, लोह आणि गंधक. बाहेरच्या थंड बाजूला पायराइट म्हणजे लोह आणि गंधक, आणि स्फॅलेराइट म्हणजे जस्ताचं सल्फाइड. पाणी कमी गरम असेल तर बॅराइट आणि सिलिका जास्त, आणि ‘धूर’ही पांढरा. म्हणजे धुराड्याचा तुकडा कापून पाहिला तर कुठे किती उष्णता होती हे वाचता येतं. झरा बंद पडून थंड झाला की ॲनहायड्राइट पुन्हा विरघळतं, धुराडं कोसळतं आणि उरलेल्या सल्फाइडला गंज चढतो.

खालचा खडक बदलला तर सगळंच बदलतं. अटलांटिकमध्ये 2000 साली सापडलेल्या ‘लॉस्ट सिटी’त 60 मीटर उंचीपर्यंतचे मनोरे आहेत, पण ते कार्बोनेट आणि ब्रुसाइटचे. पाणी 40 ते 90 अंशांचं, आम्लाऐवजी अल्कधर्मी. तिथे तांब्याची खाण शोधायला जाऊ नये.

मग सोनं? असतं, पण डोळ्यांना दिसेल असं नाही. पापुआ न्यू गिनीजवळच्या ‘सोलवारा 1’ या प्रसिद्ध साठ्यात सुमारे 7 टक्के तांबं आणि टनामागे साधारण 5 ग्रॅम सोनं असल्याचा अंदाज होता. आकडे भुरळ घालणारे आहेत, तरी खाणकाम करू पाहणारी कंपनी 2019 मध्ये दिवाळखोरीत गेली.

वरून उचललेला नमुना फसवूही शकतो. अटलांटिकमधला ‘टॅग’ हा ढिगारा सुमारे 200 मीटर रुंद आहे. 1994 मध्ये त्यात भोकं पाडून पाहिलं, तर तांबं, जस्त, सोनं मुख्यतः वरच्या काही मीटरांतच निघालं. आत बहुतेक पायराइट, ॲनहायड्राइट आणि सिलिका. आतून वर येणारं गरम पाणी जस्तासारखे धातू पुन्हा विरघळवतं आणि पृष्ठभागाजवळ नेऊन सोडतं. म्हणून फोटोवरून किंवा एका तुकड्यावरून साठ्याची किंमत काढणं धाडसाचंच.

भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी 2016 मध्ये हिंदी महासागरातल्या 10,000 चौरस किलोमीटरसाठी आणि 2025 मध्ये कार्ल्सबर्ग रिजसाठी करार केले आहेत. दोन्ही करार शोधाचे आहेत, खाणकामाचे नाहीत.

याच महासागरातल्या झऱ्यांवर एक गोगलगाय राहते. तिच्या पायावरचे खवले लोहाच्या सल्फाइडने मढलेले असतात. ‘सॉलिटेअर’ नावाच्या क्षेत्रात मात्र झऱ्याच्या पाण्यात लोह कमी, म्हणून तिथल्या गोगलगायी पांढऱ्या. 2019 मध्ये तिची नोंद धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत झाली. कारण दिलं होतं, संभाव्य खाणकाम.