सिरॅमिक कपॅसिटरला तडा गेलाय का? न फोडता, विजेने कसं तपासतात

कोणताही सर्किट बोर्ड उघडून बघा, तांदळाच्या दाण्याहूनही लहान, तपकिरी रंगाचे चौकोनी तुकडे ओळीने बसवलेले दिसतील. हे मल्टिलेयर सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजेच एमएलसीसी. मी फर्मवेअर लिहितो. बोर्ड अधूनमधून आपोआप रिसेट व्हायला लागला की सगळ्यांची पहिली शंका कोडवरच जाते. पण कधी कधी खरा दोष असतो यातल्याच एका तुकड्याला गेलेला, बाहेरून न दिसणारा तडा. असा तडा विजेच्या मोजमापातून कसा ओळखतात, ते आज समजून घेऊ.

तडा का जातो?

एमएलसीसीमध्ये बेरियम टायटनेट या सिरॅमिकचे आणि धातूचे (आजकाल बहुतेक वेळा निकेलचे) पातळ थर एकाआड एक रचून भट्टीत भाजलेले असतात. सिरॅमिक दाब चांगला सोसतं, पण ताण सोसत नाही. मोठ्या पॅनेलमधून बोर्ड तोडताना किंवा स्क्रू आवळताना बोर्ड वाकतो. तो ताण सोल्डरमधून कपॅसिटरपर्यंत पोहोचतो आणि खालच्या टोकाजवळून साधारण ४५ अंशात तिरका तडा वर चढतो.

मग थोडे नमुने तोडून बघितले तर चालणार नाही का? सिरॅमिकची ताकद त्यातल्या सर्वात घातक दोषावर ठरते, म्हणून एकाच लॉटमधले दोन तुकडे वेगवेगळ्या ताणाला तुटतात. याचं गणित वायबुल वितरणाने मांडतात. १०० पैकी ५ तोडून लॉटचा अंदाज येतो. उरलेल्या ९५ पैकी नेमका कोणता तडकलाय, ते कळत नाही.

नुसता कपॅसिटन्स मोजून का भागत नाही?

समजा आत १०० थर आहेत आणि तड्यामुळे ५ थरांचा संपर्क तुटला. कपॅसिटन्स साधारण ५ टक्के कमी होईल. पण पार्टचा टॉलरन्सच ±१० टक्के असेल तर मीटर 'पास' म्हणणार. शिवाय बोर्ड सरळ झाला की तडा मिटतो आणि तुटलेले थर पुन्हा टेकू शकतात. म्हणजे कपॅसिटन्स बरोबर आला म्हणून तुकडा शाबूत आहे असं समजू नका.

इन्सुलेशन रेझिस्टन्स

यात कपॅसिटरला ठरलेलं डीसी व्होल्टेज देतात, चार्जिंगचा करंट ओसरू देतात आणि मग गळणारा करंट मोजतात. १०० नॅनोफॅरडच्या चांगल्या तुकड्याकडून साधारण १०,००० मेगाओहमची अपेक्षा असते. घरचा मल्टिमीटर तिथवर पोहोचत नाही, त्यासाठी वेगळा मीटर लागतो.

अडचण अशी, की कोरडा तडा वीज वाहून नेत नाही. त्यात ओल शिरली आणि वर व्होल्टेज असलं की धातूचे आयन सरकतात आणि हळूहळू वाट तयार होते. म्हणून ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत ठेवूनही चाचणी घेतात. काही वेळा मुद्दाम कमी व्होल्टेज देतात, कारण जास्त व्होल्टेजने ती नाजूक वाट जळून दोष झाकला जाऊ शकतो. अर्थात अशा ओल्या चाचणीतून गेलेले नमुने पुढे वापरत नाहीत.

विजेची टिचकी

माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर तडा. हेच इथे विजेने करता येतं. डीसी व्होल्टेज दिलं की हे सिरॅमिक पिझोइलेक्ट्रिकसारखं वागतं. त्यावर छोटा एसी सिग्नल दिला की तुकडा यांत्रिकरीत्या थरथरतो. फ्रिक्वेन्सी बदलत इम्पिडन्स मोजला, की त्याच्या नैसर्गिक कंपनाच्या जागी आलेखात टोकं दिसतात.

ढोबळ हिशोब करू. तुकड्याची लांबी ३.२ मिलिमीटर, सिरॅमिकमध्ये ध्वनीचा वेग सुमारे ५,००० मीटर प्रति सेकंद. वेग भागिले दुप्पट लांबी, म्हणजे जवळजवळ ७८० किलोहर्ट्झ. तडा असेल तर टोक सरकतं, बसकं होतं किंवा फुटून दोन होतात. इथे आपण गळतीची वाट बघत नाही, थेट यांत्रिक अवस्था वाचतो. मात्र हे सुट्या तुकड्यावर नीट जमतं. सोल्डर केल्यावर बोर्डच कंपनाला धरून ठेवतो, त्यामुळे आलेख बदलतो. तुलनेला त्याच प्रकारच्या चांगल्या तुकड्यांचे आलेखही हाताशी हवेत.

मग काय लक्षात ठेवायचं?

कपॅसिटन्स विद्युत काम तपासतो, इन्सुलेशन रेझिस्टन्स गळती दाखवतो आणि कंपनाचा आलेख शरीराची तब्येत सांगतो. एकटी कोणतीच चाचणी पुरेशी नाही. बॅटरीच्या थेट लाईनवरचा कपॅसिटर शॉर्ट झाला तर तापून बोर्ड जळू शकतो. म्हणून अशा जागी चाचणीवर विसंबू नका. कपॅसिटर बोर्डच्या कडेपासून आणि स्क्रूपासून लांब ठेवा, लवचिक टर्मिनेशनचा पार्ट निवडा, किंवा दोन कपॅसिटर सिरीजमध्ये, एकमेकांशी काटकोनात बसवा. मग एक तडकला तरी दुसरा लाईन धरून ठेवण्याची शक्यता बरीच वाढते.