सूड, प्रेम आणि कृत्रिम मानवाची मुक्ती

कृत्रिम मानव निर्मात्याविरुद्ध उठतो तो सूडापोटी, असा समज रूढ आहे. त्याचे मूळ साहित्यकृतीपेक्षा तिच्या राजकीय वापरात शोधावे लागते. मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली. १६ मार्च १८२४ रोजी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग यांनी वेस्ट इंडीजमधील गुलामांविषयी बोलताना पार्लमेंटमध्ये तिचा आधार घेतला. देहाने प्रौढ, पण बुद्धीने बालक अशा गुलामाला एकाएकी मुक्त करणे म्हणजे तसाच राक्षस निर्माण करणे होय, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता.

या वाचनात कादंबरीतील कार्यकारणभाव लोपतो. तिच्यातील निर्मित जीव प्रथम माणसांचा सहवास इच्छितो. डी लेसी कुटुंबाने झिडकारल्यावरच त्याच्यात सूडभावना बळावते. पहिल्या हत्येनंतरही तो व्हिक्टरकडे सहचरीच मागतो आणि ती मिळाल्यास मनुष्यवस्तीपासून दूर जाण्याचे वचन देतो. व्हिक्टर ती अर्धवट घडलेली स्त्री नष्ट करतो. त्यानंतरचा सूड त्या जीवाला मुक्त करीत नाही. निर्मात्याशी अखेरपर्यंत जखडून ठेवतो.

कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या नाटकात हा प्रश्न सामुदायिक होतो. ‘रोबोट’ हा शब्द कारेल यांचे बंधू योसेफ यांनी सुचविला. त्याच्या मुळाशी वेठबिगारीचा वाचक असलेला चेक शब्द आहे. हॅब्सबर्ग साम्राज्यातील ही वेठ १८४८ मध्ये संपुष्टात आली होती. नाटकातील रोबोट बंड करून मानवजातीचा संहार करतात, परंतु प्रजननाची शक्ती नसल्याने नष्ट झालेल्या निर्मितिसूत्रासाठी ते अल्क्विस्ट या एकमेव जिवंत माणसाचे मिंधे राहतात. सत्ता मिळते, परावलंबन सुटत नाही. शेवटी प्रिमस आणि हेलेना हे दोन रोबोट परस्परांसाठी मरण पत्करू पाहतात, तेव्हा अल्क्विस्ट त्यांना मोकळे सोडतो.

हा शेवट आश्वासक आहे. तथापि तो निःशंकपणे स्वीकारता येत नाही. मोकळे सोडण्याचा अधिकार येथेही माणसाकडेच राहतो आणि प्रेम हे पात्रतेचे प्रमाणपत्र ठरते. कॅनिंग यांनी सूडाचे भय दाखवून मुक्ती लांबणीवर टाकली. चापेक प्रेमाचा प्रत्यय आल्यावर ती देऊ करतात. दोन्हीकडे बद्ध जीवाचे अंतःकरण तपासण्याचा हक्क स्वामीवर्गाने गृहीत धरलेला आहे. वेठ अन्याय्य असेल, तर ती वाहणाऱ्याच्या मनात प्रेम आहे की सूड, यावर तिचा अंत अवलंबून ठेवता येणार नाही.